डोळ्याच्या ऑपरेशनमध्ये डॉक्टरला दिसतं तरी कसं?

मोतीबिंदू ‘पिकायची’ वाट पाहणाऱ्यांनी आधी हे वाचावं

वाशिम जिल्ह्यातल्या कोणत्याही गावच्या पारावर घटकाभर बसा. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून समोरच्याला आवाजावरून ओळखणारी एखादी म्हातारी, नाहीतर शंभराची नोट कोणती अन् पाचशेची कोणती हे दुकानदारालाच विचारणारे एखादे बुवा भेटतीलच. त्यांना विचारा, ‘‘आबा, डोये दाखवले का?’’ उत्तर बहुधा ठरलेलं असतं, ‘‘दाखवले नं बापू. पण अजून पिकला नाही मोतीबिंद. पिकू दे, सोयाबीन निघू दे, मंग पाहू.’’

सोयाबीन निघतं. मग हरभरा पेरायचा असतो, मग तुरी सोंगायच्या असतात, मग घरचं लग्न असतं. मोतीबिंदू मात्र कोणासाठी थांबत नाही. तो खरोखरच पिकतो, आणि पिकला की डॉक्टरचं काम सोपं व्हायच्या ऐवजी अवघड होऊन बसतं.

हे असं का होतं, ते समजून घ्यायचं तर एक साधा प्रश्न विचारायला हवा. डोळ्याचं ऑपरेशन करताना डॉक्टरला आतलं दिसतं कसं, आणि त्याचा हात तिथपर्यंत पोचतो कसा? आज त्याचीच माहिती घेऊ. एकदा ती समजली की ‘पिकू दे’ हा सल्ला कुणी दिला तरी तुमच्या गळी उतरणार नाही.

बोराएवढ्या जागेतली कारागिरी

आधी जागा किती लहान आहे ते पाहा. माणसाचा डोळा म्हणजे साधारण २४ मिलिमीटर व्यासाचा गोळा, मोठ्या बोराएवढा. पुढे बुबुळाची स्वच्छ काच. तिच्या मागे पाण्याने भरलेली जेमतेम ३ मिलिमीटर खोल पोकळी. मग रंगीत पडदा, आणि त्या पडद्याच्या मधोमध काळं भोक. त्याला आपण बाहुली म्हणतो. बाहुलीच्या मागे मसुराच्या दाण्याच्या आकाराचं, पण त्याहून मोठं, साधारण ९ ते १० मिलिमीटर व्यासाचं भिंग असतं. हे भिंग गढूळ झालं की त्यालाच आपण मोतीबिंदू म्हणतो.

भिंगाभोवती एक पारदर्शक पिशवी असते. तिची मागची बाजू सुमारे ४ मायक्रॉन जाड असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याच्या केसाशी तुलना केली तर त्याच्या पंधराव्या-सोळाव्या हिश्श्याएवढी ही जाडी भरेल. डॉक्टरने पिशवीच्या पुढच्या बाजूला गोल खिडकी पाडायची, आतला गढूळ गर काढायचा आणि मागची बाजू शाबूत ठेवायची. रिकाम्या झालेल्या त्याच पिशवीत नवं भिंग बसवायचं. मागची बाजू फाटली तर सगळं गणित बिघडतं.

शेंगदाण्याचं वरचं लाल साल जागच्या जागी ठेवून आतला दाणा काढायला कुणी सांगितलं तर आपण हात जोडू. इथे तर ते काम जिवंत माणसाच्या डोळ्यात, बहुतेक वेळा तो जागा असताना करायचं असतं. मग हत्यारं कशी लागत असतील, विचार करा.

पहिली अडचण पापणीची

डोळ्याकडे काही येताना दिसलं की पापणी आपोआप मिटते. निसर्गानं ते राखणदारीसाठी केलं आहे. ऑपरेशनच्या वेळी मात्र हाच राखणदार वाट अडवतो. म्हणून सगळ्यात आधी लागतं ते पापण्या फाकवून धरणारं साधन. डॉक्टर त्याला स्पेक्युलम म्हणतात.

बघायला ते अगदी साधं. पोलादी तार दोन्ही टोकांना आकड्यासारखी वळवलेली, मधे स्प्रिंगसारखा ताण. बोटांनी दाबून पापण्यांच्या आत बसवायचं आणि सोडायचं. तार उलगडते, पापण्या दूर होतात आणि बुबुळाची पूर्ण काच उघडी पडते. स्पेनमधल्या बार्राकेर या नेत्रतज्ज्ञ घराण्याच्या नावानं ही तारेची पद्धत जगभर ओळखली जाते. दुसऱ्या प्रकाराला बारीक स्क्रू असतो. रुग्णाचे डोळे खोल असोत की पापण्या ताठ असोत, स्क्रू फिरवून हवं तेवढं अंतर ठेवता येतं.

यातही तारतम्य आहे. स्पेक्युलम फार घट्ट बसलं तर डोळ्यावर दाब येतो आणि आतलं सगळं वर उचलल्यासारखं होतं. सैल बसलं तर रुग्णानं पापणी आवळताच काम थांबतं. त्यातून पापणीचे केस म्हणजे जंतूंचं घर. म्हणून वर चिकट पातळ प्लास्टिकचा कागद लावतात आणि केस त्याखाली दुमडून टाकतात. डोळ्यापुढे केस येत नाहीत आणि जंतूही आत जात नाहीत.

लहान मूल असलं, किंवा मार लागून पापणी सुजली असली, तर स्पेक्युलम बसत नाही. अशा वेळी चमच्याच्या उलट्या दांड्यासारखं दिसणारं, पापणी अलगद वर उचलणारं हत्यार वापरतात. एकोणिसाव्या शतकातल्या डेस्मार नावाच्या फ्रेंच नेत्रवैद्याचं नाव त्याला आहे. हडंब्यावर काम करताना डोळ्यात गेलेलं कुटार वरच्या पापणीखाली लपून बसलं, तर पापणी उलटवून ते शोधायला हेच हत्यार कामी येतं.

डोळा वर फिरू नये म्हणून काही शस्त्रक्रियांत वरच्या स्नायूखालून रेशमी दोरा ओवतात आणि डोळा खाली वळवून धरतात. इंग्रजीत या टाक्याचं नावच ‘लगामाचा टाका’ असं आहे. वासराला दावं लावावं तसाच प्रकार.

खिडकी उघडलीच नाही तर?

पापण्यांचं दार उघडलं, पण आत जायची खरी वाट बाहुलीतून आहे. उन्हात बाहुली लहान होते, अंधारात मोठी. भिंग तिच्या मागे असल्यामुळे ऑपरेशनच्या वेळी ती जमेल तेवढी मोठी हवी, साधारण ७ ते ८ मिलिमीटर. त्यासाठीच ऑपरेशनच्या आधी दर थोड्या वेळानं डोळ्यात थेंब टाकतात. ‘‘सिस्टरबाई सारखे थेंबच टाकते, ऑपरेशन कधी करते?’’ अशी कुरकुर रुग्ण करतात. ते थेंब म्हणजे खिडकीची कडी काढणं असतं.

पण काहींची बाहुली थेंबांनी उघडत नाही. जुन्या मधुमेहानं ती आखडते. डोळ्याला पूर्वी आतून सूज येऊन गेली असेल तर पडदा मागे भिंगाला चिकटलेला असतो. काही म्हाताऱ्या माणसांच्या बाहुलीच्या काठावर कोंड्यासारखे पांढरे कण जमतात, त्यांचीही बाहुली नीट फुलत नाही. बाहुली ५ मिलिमीटरच्या आत राहिली की डॉक्टरला पिशवीची कड दिसत नाही. झाकण अर्धवट सरकवलेल्या मडक्यात हात घालून तळाचं धान्य काढण्यासारखं ते होतं.

पूर्वी अशा वेळी रंगीत पडद्याला कात्रीनं छेद द्यावा लागे. १९९० नंतरच्या दशकात नायलॉनचे बारीक, लवचीक आकडे आले. बुबुळाच्या कडेला चार ठिकाणी सुईएवढी छिद्रं पाडून चार आकडे आत घालायचे, पडद्याची कड चारी बाजूंनी बाहेर ओढायची, आणि बाहेरून सिलिकॉनची चिमुकली चकती सरकवून आकडे घट्ट करायचे. गोल भोक चौकोनी होतं. खळ्यावर ताडपत्री चार खुंट्यांना ताणून बांधतो, अगदी तसं. काम झालं की आकडे काढायचे.

पुढे २००७ च्या सुमारास रशियातले नेत्रतज्ज्ञ बोरिस माल्युगिन यांनी वेगळी कडी काढली. ती चौकोनी असते आणि चारी कोपऱ्यांना वेटोळं असतं. बारीक नळीतून ती डोळ्यात सोडतात. वेटोळ्यांत पडद्याची कड अडकली की बाहुली सहा-सात मिलिमीटर उघडी राहते. वेगळी चार छिद्रं पाडावी लागत नाहीत. आपल्या देशातही यावर काम झालं. कोलकात्याचे डॉ. सुवेन भट्टाचार्जी यांनी एकाच पातळीत राहणारी, अतिशय पातळ षटकोनी कडी तयार केली. तिची माहिती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. लहान छेदातून ती चिमट्यानं आत सरकवता येते. बाहेरून आलेल्या महागड्या साधनाकडे बघत न बसता आपल्याच डॉक्टरनं तोड काढली, याची नोंद घेतली पाहिजे.

लघवीच्या गोळीचा डोळ्याशी काय संबंध?

आता एक गोष्ट लक्ष देऊन वाचा, विशेषतः घरात साठीच्या पुढचे वडील-आजोबा असतील तर.

वय झालेल्या पुरुषांना प्रोस्टेटची गाठ वाढल्यानं लघवीला त्रास होतो. त्यासाठी टॅमसुलोसिन नावाचं औषध सर्रास देतात. लघवीच्या मार्गातला स्नायू ते सैल करतं. पण रंगीत पडद्यात बाहुली मोठी करणारा जो स्नायू असतो, तोही त्यामुळे ढिला पडतो. मग ऑपरेशन चालू असताना पडदा वाऱ्यावरच्या धोतरासारखा फडफडतो, छेदातून बाहेर येऊ पाहतो आणि बाहुली मधेच मिटू लागते. अमेरिकेतले डॉ. चँग आणि डॉ. कॅम्पबेल यांनी २००५ मध्ये हा संबंध पहिल्यांदा दाखवून दिला.

डॉक्टरला आधी कळलं तर भिण्यासारखं काही नाही. आकडे किंवा कडी तयार ठेवता येते, औषध बदलता येतं, हाताचा वेग कमी करता येतो. कळलंच नाही तर ऐनवेळी तारांबळ उडते. आपल्याकडची रीत अशी की डोळ्याच्या डॉक्टरला डोळ्याचंच सांगायचं. लघवीचं सांगायला म्हातारी माणसं लाजतात, त्यातून सोबत सून असली तर बोलतच नाहीत. म्हणून नेणाऱ्यानं चालू गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत टाकून न्यावीत आणि डॉक्टरपुढे ठेवावीत. स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नये. पूर्वी घेतलेल्या गोळीचा परिणामही टिकून राहू शकतो, म्हणून बंद केलेली गोळीसुद्धा सांगावी.

आतला उजेड

दार उघडलं, खिडकी उघडली. आता उजेड पाहिजे.

रात्री बॅटरीच्या झोतात बैलाचे किंवा मांजरीचे डोळे चमकताना आपण पाहतो. माणसाच्या डोळ्यातही सरळ रेषेत प्रकाश टाकला की तो मागच्या पडद्यावरून परततो आणि बाहुली लालसर-नारिंगी उजळते. नेत्रशस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकात दिवा आणि नजर जवळपास एकाच रेषेत ठेवलेले असतात, ते यासाठीच. मागून येणाऱ्या या लाल उजेडावर पिशवीची पारदर्शक कड उठून दिसते. डॉक्टर खिडकी पाडतो ती या उजेडाच्या आधारानं.

आता कळेल, ‘पिकलेला’ मोतीबिंदू का नडतो. भिंग पूर्ण पांढरं झालं की प्रकाश मागे पोचत नाही आणि लाल उजेड दिसत नाही. पांढऱ्या गरावर पारदर्शक पिशवी. फुटलेल्या कापसाच्या ढिगात पांढरा दोरा शोधायला सांगावं, तशी डॉक्टरची गत होते. शिवाय भिंग आतून फुगलेलं असतं. सुई टोचली की पातळ गर उसळतो आणि पिशवी भलतीकडेच फाटत जाते.

यावर उपाय सापडला तो निळ्या रंगाचा. ट्रिपॅन ब्लू नावाचा रंग. हॉलंडमधले डॉ. मेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये त्याचा हा वापर प्रसिद्ध केला. रंगाचे थोडे थेंब आत सोडायचे आणि धुऊन काढायचे. पिशवी फिकट निळी होते, आतला गर पांढराच राहतो. न दिसणारी कड दिसू लागते. थेंबभर रंगानं किती डोळे वाचले असतील याची कल्पना करा.

दुसरी वस्तू म्हणजे मधासारखा घट्ट, पारदर्शक द्रव. छेद दिला की डोळ्यातलं पाणी बाहेर येतं आणि पुढची पोकळी बसते. ओल्या विहिरीचं तोंड मोकळं केलं अन् दरडी ढासळल्या तर आत उतरायचं कसं? हा द्रव भरला की पोकळी उभी राहते, पडदा बाजूला दबतो आणि हत्यार फिरवायला जागा होते. बुबुळाच्या आतल्या बाजूच्या नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. त्यांनाही याचं कवच मिळतं. आपल्या देशात यासाठी मिथाइल सेल्युलोजचा स्वस्त प्रकार मोठ्या प्रमाणावर वापरतात.

आणि पिशवीला पहिला छेद देणारं हत्यार कोणतं? पुष्कळ डॉक्टर इंजेक्शनची २६ नंबरची साधी सुई घेतात, टोक चिमट्यानं वाकवतात आणि त्यानंच हे काम करतात. लाखाच्या सूक्ष्मदर्शकाखाली काही रुपयांची सुई! बाभळीचा काटा बाभळीच्याच काट्यानं काढणाऱ्या आपल्या माणसांना हे पटायला हरकत नाही.

सुश्रुतापासून तंजावरपर्यंत

आपल्याकडे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया जुनी आहे. सुश्रुतसंहितेत तिचं वर्णन येतं. सळईनं गढूळ भिंग बाजूला सारायचं, अशी ती पद्धत. आत बघायची सोय नव्हती, सगळी मदार हाताच्या अंदाजावर. गढूळ भिंग पांढरं दिसल्याशिवाय वैद्याला काही कळायचंच नाही. ‘पिकू द्या’ या सल्ल्याला त्या काळात अर्थ होता.

मराठी माणसानं अभिमान बाळगावा अशी एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांनी १७९८ ते १८३२ या काळात राज्य केलं. त्यांच्या धन्वंतरी महालात रुग्णांवर उपचार होत. तिथल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह आजही सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेल्या आहेत. उपचाराआधी डोळा कसा होता, त्यावर काय केलं, हे लिहून ठेवायची शिस्त या मराठी राजानं दोनशे वर्षांपूर्वी लावली होती.

युरोपात १७४७ मध्ये फ्रान्सच्या जाक दाव्हिएल यांनी भिंग डोळ्याबाहेर काढायची पद्धत सुरू केली. लंडनमध्ये १९४९ च्या नोव्हेंबरात हॅरॉल्ड रिडले यांनी पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलं. महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यात विमानाच्या काचेचे प्लास्टिकचे तुकडे घुसले, तरी डोळा त्यांना विरोध करत नाही, हे त्यांनी हेरलं होतं.

आपल्या खेड्यांत मात्र हे भिंग पोचायला बराच काळ गेला. जुन्या मंडळींना आठवत असेल. शाळेत किंवा धर्मशाळेत शिबिर भरायचं. कपाळाला भिंग बांधलेले डॉक्टर बॅटरीच्या उजेडात ऑपरेशनं करायचे. दहा-बारा मिलिमीटरचा छेद, टाके, कितीतरी दिवस न हलता पडून राहणं, आणि शेवटी सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. चष्मा फुटला की माणूस पुन्हा आंधळा. त्या डॉक्टरांनी त्या परिस्थितीत केलेलं काम मोठंच होतं, साधनं तोकडी होती.

१९७६ मध्ये अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीनं मोतीबिंदूची मोठी मोहीम सात राज्यांत राबवली गेली, त्यात महाराष्ट्र होता. गावोगावी फक्त तपासणी करायची आणि ऑपरेशन रुग्णालयात आणून करायचं, ही पद्धत त्याच काळात रुजली. १९९२ मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्र संस्थेनं ऑरोलॅब हा कारखाना काढला आणि कृत्रिम भिंग गरिबाच्या आवाक्यात आलं. विदर्भात वरोऱ्याच्या आनंदवनात डॉ. तात्याराव लहाने आणि डॉ. रागिणी पारेख यांनी वर्षानुवर्षे नेत्रशिबिरं घेतली. लहाने स्वतः लातूर जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले.

आता बहुतेक ठिकाणी दोन पद्धती चालतात. एकीत साधारण ६ ते ७ मिलिमीटरच्या, बिनटाक्याच्या छेदातून भिंग हातानं काढतात. दुसरीत तीन मिलिमीटरहून लहान छेदातून यंत्राच्या कंपनांनी भिंग फोडून ओढून घेतात. तिला फेको म्हणतात. ‘‘मशीनचं करा, हातचं नको’’ असा आग्रह लोक धरतात. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात चारशे डोळ्यांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या गेल्या. तो अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. बिनचष्म्याची नजर फेकोत थोडी सरस आली, पण योग्य चष्मा दिल्यावर दोन्हींचा निकाल सारखाच चांगला होता. तेव्हा यंत्राच्या नावासाठी कर्ज काढायची गरज नाही.

हत्यार स्वच्छ नसेल तर सगळं व्यर्थ

हत्यार कितीही नाजूक असो, त्यावर जंतू राहिले तर डोळा जातो. २०१५ मध्ये वाशिमला झालेल्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांनंतर जंतुसंसर्ग झालेल्या रुग्णांना मुंबईला जे. जे. रुग्णालयात न्यावं लागलं होतं. त्याच वर्षी मध्य प्रदेशात बडवानीलाही असाच प्रकार घडला. जिल्ह्यातली माणसं ते विसरलेली नाहीत, आणि ‘आता ऑपरेशनच नको’ असं म्हणणारेही भेटतात.

त्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, असा संसर्ग नेहमी होत नाही. कुकरसारख्या वाफेच्या दाबाखाली हत्यारं निर्जंतुक करणं, प्रत्येक रुग्णाला वेगळा संच, डोळा आधी औषधानं धुणं, हे नियम पाळले तर तो टळतो. ते पाळले जातात का, हे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे. दुसरी, ऑपरेशननंतरचे दिवस तुमच्या हातात आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोळा जास्त लाल झाला, ठणकू लागला, नजर आली होती ती कमी झाली, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री गाडी करा. इथे तासातासाचा हिशेब असतो.

शेतातला मार आणि मेडिकलचा थेंब

बुबुळाची काच धुरकट झाली तर वर सांगितलेली सारी साधनं निकामी ठरतात. काचच पांढरी असेल तर सूक्ष्मदर्शकातून काय दिसणार? आपल्या भागात ती पांढरी होते ती बरेचदा शेतात. सोयाबीन काढताना हडंब्यातून उडालेलं कुटार, तुरीच्या फणकटाचं टोक, पऱ्हाटीची काडी, उसाचं पातं. झाडपाल्याच्या अशा जखमेत बुरशी वाढते. सुरुवातीला फक्त खुपतं, आठवड्यात पांढरा ठिपका दिसतो.

अशा वेळी दोन चुका घडतात. कुणी रुईचा चीक, मध किंवा दूध डोळ्यात घालतं. कुणी मेडिकलमधून लाली घालवणारे थेंब आणतं. त्यांत स्टेरॉईड असलं तर लाली जाते, बरं वाटतं, आणि आत बुरशीला मोकळं रान मिळतं. डोळ्याला काडी लागली की स्वच्छ पाण्यानं धुवा, चोळू नका आणि सरळ डोळ्याच्या डॉक्टरकडे जा. हडंब्यावर उभं राहणाऱ्यानं साधा प्लास्टिकचा चष्मा लावला तर यातलं पुष्कळसं टळतं. एका फवारणीच्या खर्चात सगळ्या मजुरांचे चष्मे येतील.

वाट पाहण्याची किंमत

शेवटी पुन्हा ‘पिकण्या’कडे येऊ. फार दिवस ठेवलेला मोतीबिंदू फुगतो आणि डोळ्यातल्या पाण्याची वाट अडवतो. डोळ्याचा दाब एकदम चढतो. डोळा लाल होतो, अर्धं डोकं फुटल्यासारखं दुखतं, उलट्या होतात. घरचे म्हणतात पित्त झालं, अर्धशिशी उठली. लिंबू-साखर देतात. त्या एकदोन दिवसांत डोळ्याची मागची नस मरते. मग मोतीबिंदू काढला तरी उजेड परत येत नाही. बाकीच्या मोतीबिंदूची नजर आणता येते, हिची येत नाही.

म्हणून ऑपरेशनची वेळ मोतीबिंदू किती पिकला यावर ठरवू नका. तुमचं काम किती अडतं यावर ठरवा. सुईत दोरा ओवता येत नाही, तांदळातला खडा दिसत नाही, रात्री समोरून गाडी आली की डोळे दिपतात, बांधावरून चालताना पाय चुकतो, एवढं झालं की वेळ झाली असं समजा. ऋतूचीही वाट पाहू नका. उन्हाळ्यात डोळा पिकतो, पावसाळ्यात चिघळतो, या समजुती टाक्यांच्या आणि शाळेतल्या शिबिरांच्या काळातल्या आहेत.

१ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा वेगळा झाला, तेव्हा मोठ्या इलाजासाठी अकोल्याची गाडी धरावी लागे. आता वाशिमला २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. वाट थोडी जवळ आली. पण दार उघडं असून उपयोग काय, दारापर्यंत घरच्या म्हातारीला कुणी आणलंच नाही तर? तिला एकटीला एस.टी. चढता येत नाही. फळीवरचं गाव वाचता येत नाही. तिचा डोळा वाचवायला लागणारं पहिलं साधन म्हणजे तिचा हात धरणारा घरचा माणूस.

चौकट : ऑपरेशनला जाताना एवढं करा

* घेत असलेल्या आणि पूर्वी घेतलेल्या सगळ्या गोळ्या सोबत न्या. लघवीच्या, साखरेच्या, रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या न विसरता दाखवा.
* डोळ्याला पूर्वी मार लागला असेल, सूज आली असेल किंवा काचबिंदूचे थेंब चालू असतील तर सांगा.
* सरळ उताणं झोपता येत नसेल, दमा-खोकला असेल, तर आधीच बोला. टेबलावर खोकला आला तर डॉक्टरचा हात आत असतो.
* कमी ऐकू येत असेल तर तेही सांगा. ‘हलू नका’ हे ऐकू आलं पाहिजे.
* सरकारी रुग्णालयात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकाऱ्याकडे आधी तपासून घ्या.
* ऑपरेशननंतर डोळा चोळू नका, डोक्यावरून पाणी घेऊ नका, चुलीच्या धुरात आणि गोठ्यात काही दिवस जाऊ नका. थेंब टाकण्याआधी हात साबणानं धुवा.
* एका डोळ्यानं भागतं म्हणून दुसऱ्याकडे दुर्लक्ष करू नका.